पंतांसाठी शोकेस

४ मार्च, सोमवार

परत आलेल्या मुलींच्या बापांनो! तुमचं-माझं गाऱ्हाणं एकच आहे. मुलीनं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचा अवकाश, की अख्खी इमारत विचारते, "किती दिवस?" इस्त्रीवाला विचारतो, पेपरवाला विचारतो, जिन्यात भेटलेला दुसऱ्याच कुणाचा तरी पाहुणा विचारतो. मुलगा घरी आला तर त्याला विचारतात का, किती दिवस? मुलगी म्हणजे काय वाचनालयाचं पुस्तक आहे, आत परतीच्या तारखेचा शिक्का मारलेलं?

ही वही खाजगी आहे आणि समोर सभा नाही, हे मला कळतं. पण अडतीस वर्षं शोकेसच्या कारखान्यात रंधा मारला आणि त्यातली तीस कामगारांसमोर उभं राहून बोललो. पेन उचललं की समोर माणसं बसलेली दिसतात. त्यांना उठवून लावणं माझ्याच्यानं होत नाही.

तर, माझी लेक आज परत आली. दोन बॅगा आणि कापड टाकलेली एक वेताची टोपली.

"काय झालं?" मी विचारलं.

"नाही पटलं, बाबा."

"नाही पटलं म्हणजे काय? कोण काय बोललं? कधी बोललं? नाव सांग, तारीख सांग, आपण त्यांना..."

"नाही पटलं," ती पुन्हा म्हणाली आणि चप्पल काढायला वाकली ती बराच वेळ वाकलेलीच राहिली.

हिने, म्हणजे लेकीच्या आईने, मला डोळ्यांनी गप्प केलं. तीस वर्षांत मालकांना जे जमलं नाही ते ही डोळ्यांनी करते. मग हिने टोपलीवरचं कापड उचललं आणि एक पाऊल मागे आली. "अगं बाई! सरडा!"

"सरडा काय म्हणतेस आई, कॅमेलियन आहे. तीन वर्षं माझ्याकडे आहे. तिकडून आणायचं तेवढं हेच आणलं."

हातभर लांब, हिरवा, शेपटीची गुंडाळी केलेली. एक डोळा माझ्यावर, दुसरा हिच्यावर. पाऊल उचलायच्या आधी तीनदा विचार करतो, म्हणून लेकीनं त्याचं नाव पंत ठेवलंय.

आता गंमत बघा. आयुष्यभर मी फितुरांना व्यासपीठावरून सरडा म्हणत आलो. संप फोडणारा सरडा, मालकाकडे चहा प्यायला जाणारा सरडा. टाळ्या हमखास. आणि आज तोच माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या खुर्चीच्या पाठीवर बसून माझ्याकडे एका डोळ्याने बघतोय. दुसऱ्या डोळ्याला माझी किंमत वाटत नव्हती.

"याचा पिंजरा?"

"तिकडेच राहिला."

"राहू दे तिकडेच! त्यांच्या पिंजऱ्याची आपल्याला गरज नाही. मी बांधतो."

ही वाक्यं मी जिन्यात ऐकू जातील अशी म्हटली. मुद्दाम.

५ मार्च, मंगळवार

आराखडा तयार. उंची चार फूट, रुंदी अडीच, खोली दोन. सागाची चौकट, तिन्ही बाजूंना जाड काच, पुढची काच खोबणीत सरकणारी. पाठीला सबंध आरसा. दिवे वर दोन, खाली दोन. सोनारांच्या, घड्याळवाल्यांच्या, औषधवाल्यांच्या इतक्या शोकेस बनवल्या आहेत की झोपेत हात चालतील. आमच्या कामाचा पहिला धडा असा, की शोकेसमध्ये सावली राहिली म्हणजे कारागीर कच्चा. वस्तू पुढून दिसली पाहिजे, मागून दिसली पाहिजे, आणि एक असली तरी दोन वाटल्या पाहिजेत.

लेक म्हणाली, "बाबा, साधी जाळी असली तरी चालेल. खरं तर जाळीच..."

"जाळी? कोंबड्यांचं खुराडं करू का? लोकांना काय वाटेल, परत आलेल्या पोरीच्या जनावराला खुराडं दिलं? नाही! असं घर बांधतो, की बघणाऱ्यानं बघत राहावं."

हल्ली ती वाक्यं अर्ध्यावर सोडते.

वरच्या झडपेला कडी हवी होती. बाजारातल्या हल्लीच्या कड्या पत्र्याच्या, दोन दिवसांत वाकतात. मागच्या खोलीच्या दाराला आतून जुनी पितळी कडी होती, साडेतीन इंची, मीच कधीतरी बसवलेली. ती काढून घेतली. लेक त्याच खोलीत राहते आहे, म्हणून तिला तसं सांगितलं. घरात चोर थोडेच आहेत! तिघं माणसं, कडी कुणाविरुद्ध लावायची?

७ मार्च, गुरुवार

काचवाला आला. कारखान्यातला माझा जुना सोबती. आजही काच कापताना जीभ दातांत धरतो.

"कुणासाठी एवढी मोठी? सोनार आहे का कुणी?"

"सरड्यासाठी."

त्याने काच कापायची हिरकणी खाली ठेवली. "म्हातारपणी सगळ्यांचंच होतं असं. माझ्या चुलत्याने कबुतरांना पत्रं लिहिली."

"बडबड नको. आरसा निर्दोष पाहिजे."

"आरसा कशाला? सरडा काय भांग पाडणार आहे?"

आम्ही दोघं हसलो, पण आरसा त्याने निर्दोषच दिला.

काम चालू असताना इमारतीचे सेक्रेटरी दारात उभे. चेहरा नेहमीचा, कुणाच्या तरी तक्रारीला चिकटून आलेला. "कुणीतरी म्हणालं, घरात जंगली जनावर आणलंय. बरं, ताई किती दिवस आहेत?"

दोन्ही प्रश्न एका दमात! मी रंधा हातात घेऊनच उठलो. "सेक्रेटरीसाहेब, रविवारी संध्याकाळी या. सगळ्यांना घेऊन या. जनावरही दाखवतो आणि ताई किती दिवस आहे तेही सांगतो. या घरात लपवण्यासारखं काही नाही!"

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला. हिच्या हातून सहसा काही पडत नाही.

१० मार्च, रविवार

काय दिवस होता!

शोकेस बाहेरच्या खोलीत, बरोबर मध्यभागी. चारही दिवे लावले तेव्हा समोरच्या वहिनींच्या तोंडून "अय्या" निघालं. तेरा माणसं आली. मी लेकीला शोकेसच्या शेजारी उभं केलं आणि बोललो. असं बोललो, की निवृत्तीनंतर प्रथमच घशात जुनी धग जाणवली. म्हणालो, "हिने त्या घरावर पाणी सोडलं, कारण ही वाकणाऱ्यांतली नाही! आणि हे बघा, हिचं जनावरही वाकणाऱ्यांतलं नाही!"

आणि पंत! आरशासमोर येताच हिरवे पंत कोळशासारखे काळे झाले. अंग फुगवलं, जबडा वासला आणि फुस्स केलं. लोक मागे सरले. मी टाळी वाजवली. ज्या प्राण्याला मी जन्मभर रंग बदलणारा म्हणून हिणवलं त्याने रंग बदलला तो झेंड्यासारखा. बंधूंनो, मी माझे शब्द मागे घेतो!

भाषण संपायच्या आधीच लेक आत निघून गेली. मागून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. रोज येतो. ती दाराला आतून खुर्ची लावून बसते. का, ते कळत नाही. फरशीला चरे पडताहेत.

१३ मार्च, बुधवार

पंत अजून काळेच. खात नाहीत. लेक चिमट्यात किडा धरून समोर नेते, ते तोंड फिरवतात आणि फिरवलं की पुन्हा आरसा.

मला त्यांच्याबद्दल आदर वाटू लागला आहे. मी स्वतः अकरा दिवसांचं उपोषण केलेला माणूस आहे. कारखान्याच्या फाटकासमोर, उन्हात. उपोषणाला बसलेल्याचा चेहरा मी ओळखतो. हिला तसं म्हणालो.

ही भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "मग त्यांच्या मागण्या काय आहेत ते विचारलंत का?"

हिचं असंच असतं.

लेकीचं जेवणही कमी झालंय. ताट खोलीत नेते, अर्धं परत आणते. मी तिच्यासाठी एक निवेदन तयार केलं, साडेपाच पानी. तिने ते इमारतीच्या सभेत वाचावं. काय झालं हे सांगायची तिची तयारी नसली तरी सर्वसाधारणपणे असं काय काय होतं ते मी घातलं आहे. ती अंघोळीला गेली असताना खोलीत जाऊन उशीवर ठेवून आलो.

संध्याकाळी बघितलं. निवेदन पंतांच्या जुन्या टोपलीत अंथरलेलं होतं. पान क्रमांक एक वरच्या बाजूला.

१६ मार्च, शनिवार

पंतांचे डोळे आत गेले आहेत. ते उंच फुगलेले गोल डोळे खोबणीत बसल्यासारखे. सकाळी फांदीवरून घसरले आणि तळाच्या काचेवर पडून राहिले, खालच्या दिव्याच्या उजेडात. उपोषणात हे व्हायला नको होतं. लेकीनं त्यांना ओढणीत घेतलं आणि आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टर तरुण मुलगी. पंतांना हातावर घेऊन शांतपणे बघत राहिली. ठेवता कशात, विचारलं. मी आराखडाच सोबत नेला होता. अभिमानाने उलगडला.

"पाठीला आरसा कुणी लावला?"

"मी. निर्दोष आहे."

"याला सहा दिवस समोर दुसरा सरडा दिसतोय. तो हलत नाही, हटत नाही. याने पाठ फिरवली तरी बाजूच्या काचांत तोच. खाली दिवे, म्हणजे सावलीही नाही."

"तो लढत होता," मी म्हणालो. "फुस्स करत होता. मी पाहिलंय."

"घाबरला होता, काका. काळा पडतो तो घाबरल्यावर. आणि वाटीतलं पाणी हे पीत नाहीत, पानांवरून ठिबकलेलं पितात. याने आठवडाभर पाणी प्यायलेलं नाही."

"मी सांगत होते," लेक म्हणाली. अगदी हळू. खरं तर तिने सांगितलं नव्हतं, सुरुवात केली होती.

"वाचेल?"

"तीन-चार दिवसांत कळेल. पाणी द्या, ऊब द्या. मुख्य म्हणजे लपायला जागा द्या. आत गेला की तुम्हाला दिसता कामा नये. तसं घर करा."

मी तिला सांगायला लागलो, की माझ्या अडतीस वर्षांच्या कामात मी वस्तू दिसू नये म्हणून एकही पेटी बांधली नाही. डॉक्टरने पुढच्या मांजराला आत बोलावलं.

परत येताना आम्ही चालत आलो. पंत लेकीच्या ओढणीत. फुटपाथवर ती एकदम बोलायला लागली, माझ्याकडे न बघता.

"तिकडे मारझोड नव्हती, बाबा. तुम्ही लिहिलंत तसं काही नव्हतं. फक्त एकही दार लावता यायचं नाही. फोन आला की कुणीतरी शेजारी येऊन बसायचं. पत्र आलं की फोडलेलं. कपडे बदलताना सासूबाई आत यायच्या. मी म्हटलं, निदान एक कडी लावू या. तर हसायच्या. म्हणायच्या, घरात चोर थोडेच आहेत."

"हे सांगायचं ना आधी!" मी म्हणालो. "यावर तर तासभर बोलता येईल!"

ती थांबली. मला वाटलं रस्ता ओलांडायचा म्हणून थांबली.

१७ मार्च, रविवार

शोकेस मोडली. काचवाला आला, काच सोडवून देताना जीभ दातांत धरली. आरसा काढला तेव्हा त्यात आम्ही दोघं म्हातारे दिसलो, तोंडात खिळे धरलेले. "घरी नेतो," तो म्हणाला. "भांग पाडायला."

नवीन घराची मुकादम लेक. मी हाताखाली. चौकट तीच सागाची, पण तिन्ही बाजूंना बारीक जाळी, प्लास्टिक चढवलेली, नाहीतर नखं अडकतात. पाठीला आणि निम्म्या कडेला कापड. दिवा एकच, वर, बाहेरून, म्हणजे चटका बसत नाही. एक बाजू उबदार, एक गार. कुठे बसायचं ते पंत ठरवणार. फांद्या बोटाएवढ्या जाड, आडव्या आणि तिरक्या.

"ही फार जाड आहे, बाबा. त्याची पकड बसणार नाही."

"ही?"

"ही चालेल. वर अजून पानं हवीत."

"वर आणखी पानं लावली तर दिसणारच नाही तो!"

"हो," ती म्हणाली. "तेच."

हिने मनीप्लँटच्या दोन कुंड्या आणि जास्वंदीची एक अशा आपणहून आणून दिल्या. एका डब्याला सुईने भोक पाडलं आणि वर टांगला. थेंब पानावर, पानावरून दुसऱ्या पानावर. आम्ही तिघं खाली बसून ठिबक ऐकत होतो. कुणी भाषण केलं नाही. मला सुचलं होतं, पण थेंबांमध्ये जागा नव्हती.

घर मागच्या खोलीत, खिडकीशी ठेवलं. बाहेरच्या खोलीत चौकोनी डाग राहिला आहे.

१९ मार्च, मंगळवार

पंतांनी काल थोडं पाणी प्यायलं म्हणे. मी पाहिलं नाही. डोळे अजून आत.

पिंजऱ्याच्या दाराला तारेचा आकडा पुरला, त्यामुळे पितळी कडी उरली. आता तिचं काय करायचं? माप किती लिहिलं होतं ते बघायला म्हणून वही मागे उलटली. ५ मार्च.

"घरात चोर थोडेच आहेत!"

माझं अक्षर. माझं उद्गारचिन्ह.

मग १६ तारखेचं पान काढलं. मग पुन्हा ५ तारखेचं. दोन्ही वाक्यं शेजारी धरली. एक त्या बाईचं, एक माझं, आणि मधे एका शब्दाचाही फरक नाही.

तीस वर्षं मी मालकांच्या विरोधात बोललो. कारखान्यात कामगारांना कपडे बदलायला दार असलेली खोली मिळाली ती माझ्या भाषणामुळे. त्या दाराला आतून कडी होती. ती मी स्वतःच्या हाताने बसवली होती.

आज एवढंच.

२२ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी सेक्रेटरी आले. बरोबर कमिटीचे दोन सभासद आणि त्यांच्या मागे, सहज आल्यासारख्या, समोरच्या वहिनी. सेक्रेटरींच्या हातात कागद. "तक्रार आलीय. जनावर बघायचंय. तुम्हीच म्हणाला होतात, लपवण्यासारखं काही नाही."

मी दारात उभा राहिलो. चौकटीला दोन्ही हात लावून.

"म्हणालो होतो. चुकलो होतो. नाही दाखवणार."

"असं कसं? नियम आहे."

"नियम मला पाठ आहे, साहेब, त्याचा मसुदा करताना मी तुमच्या शेजारी बसलो होतो. कलम नऊ. आवाज करणारा किंवा दुर्गंधी पसरवणारा प्राणी ठेवता येणार नाही. माझ्या घरातला प्राणी आवाज करत नाही. या घरात आवाज करणारा प्राणी एकच, तो मी. माझ्याविरुद्ध तक्रार लिहा, सही करतो."

वहिनींना हसू आलं. सेक्रेटरींना नाही.

"तुम्ही विषय वाढवताय. आत आहे तरी काय?"

"आत आमचं घर आहे."

"आणि ताई? किती दिवस..."

तेव्हा माझ्या डोक्यात तासभराचं भाषण उभं राहिलं. सुरुवात, मध्य, टाळीची जागा, सगळं तयार. मागच्या खोलीत ती ऐकत असणार हेही मला ठाऊक होतं. मी ते गिळलं. गिळताना घशाला लागलं, खरं सांगतो.

"ती किती दिवस आहे हा प्रश्न या दारात पुन्हा विचारायचा नाही," मी म्हणालो. "घर तिचं आहे. पाहुणे तुम्ही आहात. तुम्ही किती वेळ थांबणार ते सांगा."

आणि दार लावलं. आपटलं नाही. नीट लावलं.

ही मागे उभी होती. म्हणाली, "एवढं छोटं बोलता येतं तर चाळीस वर्षं आमचे कान का खाल्लेत?"

आणि मग हिने माझ्यासाठी चहा टाकला.

२४ मार्च, रविवार

दुपारी हत्यारांची पेटी घेतली आणि मागच्या खोलीचं दार वाजवलं. स्वतःच्या घरातलं दार मी आजवर कधी वाजवलं नव्हतं. हाताला कळेना किती जोरात वाजवायचं.

आतून खुर्ची सरकली.

"काय, बाबा?"

"कडी बसवायचीय. काढली होती ती."

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं विचारेल, का. विचारलं नाही. दार पूर्ण उघडलं आणि खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

जुनी भोकं सैल झाली होती. काडेपेटीच्या काड्या भरून पुन्हा गिरमिट मारलं, स्क्रू अर्ध्या इंचाने लांब घेतले. चौकटीत कडी जिथे शिरते तिथे पटाशीने कड साफ केली. पंधरा मिनिटांचं काम. तेवढा वेळ मी पिंजऱ्याकडे मान वळवली नाही. खूप मोह झाला. कोपऱ्यातून नुसती पानं दिसत होती आणि ठिबक ऐकू येत होती.

हत्यारं उचलून बाहेर आलो. दार मागे बंद झालं. मग पितळ पितळावरून सरकलं आणि खट्‌ झालं. उघडलं. पुन्हा सरकलं, पुन्हा खट्‌. चार वेळा तिने ती कडी लावून बघितली. मी जागचा हललो नाही.

मग आतून, दाराच्या पलीकडून, "बाबा?"

"हां."

"हिरवा झालाय. मानेपासून शेपटीपर्यंत. डोळे वर आलेत. किडा खाल्ला आत्ता."

"दिसतोय?"

"मला दिसतोय."

एवढं पुरे आहे.

ही पलीकडून ओरडली, "दाराला कान लावून काय उभे आहात? या इकडे!" म्हणून आलो. आणि आता वही उघडली आहे, आणि तुम्ही सगळे पुन्हा समोर बसलेले आहात. बरं झालं. अजून उठू नका.

परत आलेल्या मुलींच्या बापांनो! जिन्यातल्या लोकांशी लढायला मी तुम्हाला सांगणार नाही, ते तुम्हाला येतं. तिला न्याय मिळवून द्या असंही म्हणत नाही. कुठला न्याय हवा ते ती सांगेल, सांगावंसं वाटेल तेव्हा. मी फक्त एक काम सांगतो. उद्या सकाळी, कामावर जायच्या आधी, तिच्या खोलीच्या दाराला कडी बसवा. पितळी घ्या, पत्र्याची नको. स्क्रू लांब घ्या, म्हणजे ओढल्याने निघणार नाही. कडी आतल्या बाजूने बसवा. आणि बसवून झाली की तुम्ही दाराच्या बाहेर या, आणि ती तिला लावू द्या.